ब्रिटनमधली गाडी नाशिकला आणू का?

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई तेरा वर्षं ब्रिटनमध्ये नर्स आहेत. येत्या मे महिन्यात नवरा आणि मुलीसह त्या कायमच्या नाशिकला परतताहेत. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या पगारातून एक कोरी जर्मन पेट्रोल गाडी घेतली. त्या लिहितात, "रात्रपाळी संपली की घरी निघण्याआधी दहा मिनिटं मी त्या गाडीत नुसती बसते. नवरा म्हणतो, हट्ट सोड, विकून टाक. मला विकवत नाही. दीर म्हणतात की कायमचं परतणाऱ्याला गाडी करमाफ आणता येते, शिवाय ड्युटी आता १२५ वरून ७० टक्क्यांवर आली आहे. घरसामानाच्या कंटेनरमध्येच गाडी टाकायची, झालं. इथल्या ओळखीतले एक जण कमी किमतीची पावती करून द्यायला तयार आहेत. या गाडीवर मी इथे कर भरलेलाच आहे. मग स्वतःची गाडी स्वतःच्या घरी न्यायला पुन्हा कर का भरायचा? आणि भरायचाच तर नेमका किती?"

उत्तर : ताई, आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं लक्ष तिकडेच राहील. मुंबई बंदरात पोचेपर्यंत तुमच्या गाडीचं मूल्य २० लाख रुपये धरलं, तर नाशिकची नंबर प्लेट लागेपर्यंत ती ८० लाखांच्या घरात जाते. तरीही तुमच्या वाटेतला मोठा धोंडा पैशाचा नाही. तो दुसराच आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणीच काही सांगितलेलं दिसत नाही. ना दिरांनी, ना त्या पावतीवाल्यांनी.

आधी ८० लाख होतात कसे ते बघू.

सीमाशुल्क लागतं ते 'सीआयएफ' मूल्यावर. म्हणजे गाडीची किंमत, वर विमा, वर बोटीचं भाडं. गाडी आणायला जो खर्च केला त्यावरही शुल्क, असा हा मामला. भाड्याचा खरा आकडा कागदावर दाखवता आला नाही, तर गाडीच्या किमतीच्या २० टक्के भाडं झालं असं नियमानेच धरतात. विम्याचं तसंच, १.१२५ टक्के. म्हणून पावत्या जपायच्या. पौंडाचे रुपये करताना बँकेचा दर चालत नाही, सीमाशुल्क विभागाने त्या काळासाठी जाहीर केलेला दर लागतो.

तर २० लाख. जुन्या गाडीवर शुल्क आणि उपकर मिळून १३७.५ टक्के, म्हणजे २७.५ लाख. झाले ४७.५ लाख. मग येतो आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. तो मूळच्या २० लाखांवर लागत नाही, या ४७.५ लाखांवर लागतो. १२०० सीसीच्या वरची किंवा चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाडी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचा दर ४० टक्के आहे. आणखी १९ लाख, बेरीज ६६.५ लाख. एवढ्यात गाडी फक्त बंदराच्या फाटकाबाहेर पडली. पुढे आरटीओ. महाराष्ट्रात आयात गाडीवर एकरकमी वाहनकर २० टक्के आहे आणि तो ड्युटीसकट झालेल्या किमतीवर मोजतात. १३ लाख ३० हजार. एकूण ७९ लाख ८० हजार. यात क्लिअरिंग एजंटची फी, यार्डाचं भाडं, चाचणी, ट्रेलर आणि इथला विमा धरलेला नाही.

तुमची गाडी छोटी असेल, म्हणजे इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत, तर आयजीएसटी १८ टक्क्यांवर येतो. तरी हिशेब ६७ लाखांच्या आसपास थांबतो. मूळ गाडी २० लाखांचीच.

आता दिरांची बातमी. ती खोटी नाही, अर्धी आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मोटारगाड्यांवरचं मूळ सीमाशुल्क १२५ वरून ७० टक्के केलं, हे खरं. पण त्याच दिवशी जुन्या गाड्यांवर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर बसला. पूर्वी १२५ टक्के आणि त्यावर समाजकल्याण अधिभाराचे १२.५, मिळून १३७.५ व्हायचे. आता ७० अधिक ६७.५, तेही १३७.५. मथळ्यात ७० आलं, उरलेलं आतल्या पानावर राहिलं. जर्मन गाडीवर शेतीचा उपकर का, हे मात्र मला विचारू नका.

'कायमचं परतणाऱ्याला माफ' ही समजूत तर इतकी मुरलेली आहे की परदेशातून येणाऱ्या दर तिसऱ्या पत्रात ती असतेच. तिचं मूळ खरं आहे. निवास हलवणाऱ्यांना घरसामानावर, ठरावीक मुदत बाहेर राहिलेलं असेल तर, शुल्कात सवलत मिळते. फ्रिज, ओव्हन, सोफा, पुस्तकं, सगळं त्यात बसतं. गाडी बसत नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ मध्ये 'बॅगेज' या शब्दाची व्याख्या करतानाच लिहिलंय की त्यात मोटार वाहनं येत नाहीत. कुणा अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. म्हणूनच 'कंटेनरमध्ये टाकायची, झालं' हेही झालं नाही. घरसामान सुटतं बॅगेज म्हणून. गाडीसाठी व्यापारी मालासारखं वेगळं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, भरावं लागतं. एकाच कंटेनरमध्ये दोन्ही कोंबलं आणि गाडीचं अडलं, तर मुलीची पुस्तकं आणि तुमची भांडीही तिच्याबरोबर यार्डात अडकून बसायची भीती.

'पुन्हा कर का?' हा तुमचा प्रश्न मला मनापासून पटतो, आणि तरीही त्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही ब्रिटनमध्ये भरलात तो तिथल्या विक्रीवरचा कर, तो त्या तिजोरीत गेला. सीमाशुल्क मालकीवर लागत नाही, माल हद्दीच्या आत आला यावर लागतं. गाडी तुमची की विक्रेत्याची, विकत घेतलेली की भेट मिळालेली, याने फरक पडत नाही. सचिनची फेरारी आठवते? डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. त्यावरची सुमारे १ कोटी १३ लाखांची ड्युटी सरकारने माफ केल्यावर एवढा गदारोळ झाला की प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी ते पैसे फियाट कंपनीने भरले. जिथे सचिनला सवलत पचली नाही, तिथे तुमच्या-माझ्या भावना कोण विचारतो!

जुन्या गाडीवर नव्या गाडीपेक्षा जास्त शुल्क, हे मुद्दाम केलेलं आहे. बाहेरच्या वापरलेल्या गाड्यांना दार सहज उघडलं की काय होतं, ते केनियात दिसतं. तिथले रस्ते जपानहून आलेल्या सेकंडहँड गाड्यांनी भरलेले आहेत. भारताने २००१ मध्ये आयातीवरचे संख्येचे निर्बंध उठवले, पण जुन्या गाड्यांच्या दाराशी मोठं शुल्क आणि अटींची रांग उभी केली. दार उघडं आहे असं म्हणता यावं, पण आत कुणी शिरू नये, असा तो बंदोबस्त आहे.

आता तो धोंडा.

जुनी गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नसावी लागते. बनल्यापासून, विकत घेतल्यापासून नाही. तुमची गाडी आत्ता अडीच वर्षांची आहे असं तुम्ही म्हणता, ते लॉगबुकातल्या, म्हणजे तिथल्या नोंदणीच्या कागदातल्या, पहिल्या नोंदणीच्या तारखेवरून. गाडी कारखान्यातून निघून जहाजाने, ट्रकने शोरूमपर्यंत येते, तिथे पडून राहते, मग तुमच्या नावावर होते. मधे तीन-चार महिने सहज जातात. मे महिन्यात तुम्ही निघाल तेव्हा नोंदणीलाच तीन वर्षं झालेली असतील, मग कारखान्याची तारीख कुठे गेली असेल? तुमच्या जागी मी असतो तर आज बाकी सगळं सोडून कंपनीला पत्र लिहून गाडीची निर्मितीची तारीख लेखी मागवली असती. माझ्या अंदाजाने त्या एका तारखेवरच हा सगळा विषय संपेल.

समजा, नाही संपला. पुढे स्टिअरिंग उजवीकडे हवं. ब्रिटनची गाडी, म्हणजे ते ठीक. हेच पत्र दुबईहून, कतारहून किंवा अमेरिकेतून आलं असतं तर मी चार ओळींत उत्तर दिलं असतं, कारण तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं आणि ती गाडी इथे चालत नाही. आखातातल्या वाचकांनी ही ओळ दोनदा वाचावी, कारण तिथून येणारी पत्रं सगळ्यात जास्त असतात. त्यानंतर, वेग किलोमीटरमध्ये दिसायला हवा. ब्रिटनमध्ये तो मैलात असतो. डिजिटल पडदा असेल तर सेटिंग बदलून भागतं, काट्याचा मीटर असेल तर नाही. गाडी बोटीवर चढण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणीचं प्रमाणपत्र, इथे उतरल्यावर पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत पुन्हा चाचणी. पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तिची देखभाल भारतात होईल, याची हमी. तुमचं मॉडेल इथे विकलंच जात नसेल तर ही हमी देणार कोण, हा प्रश्नच आहे. आणि जुनी गाडी फक्त मुंबईच्या बंदरातून आणता येते. नाशिकला ते सोयीचंच आहे म्हणा.

मी बरीच वर्षं न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजन्सीत काढली. एक गाडी अजून डोळ्यांपुढून जात नाही. सीएफएसच्या, म्हणजे बंदराजवळ कंटेनर उतरवून ठेवायच्या जागेच्या, यार्डात, दोन रिकाम्या कंटेनरांच्या मधल्या बोळात उभी होती. चंदेरी रंग, पण तो बोटाने धूळ पुसल्यावर कळायचा. पुढच्या काचेवर खडूने लिहिलेला नंबर, मागच्या सीटवर लहान मुलाची उंच खुर्ची, तिचे पट्टे लावलेले. डॅशबोर्डवर परदेशातल्या कुठल्याशा दुकानाच्या पार्किंगची चिठ्ठी, उन्हाने कोरी पांढरी झालेली. मालक दर पंधरवड्याला फाइल घेऊन यायचे. नोंदणी दोन वर्षं अकरा महिन्यांची होती, बांधणी तीन वर्षं दोन महिन्यांची. एवढाच फरक. इकडे यार्डाचं भाडं रोज चढत होतं, कंटेनर वेळेत परत न गेल्याचा शिपिंग कंपनीचा दंड वेगळा. माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही तर तो विकायचा मार्ग कायद्याने मोकळा होतो, ती नोटीसही येऊन गेली. शेवटी गाडी परत पाठवायची की तिच्यावरचा हक्क सोडून द्यायचा, याचा हिशेब मांडला तेव्हा सोडून देणं स्वस्त पडलं. सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "निदान ती खुर्ची काढून घेऊ का?"

त्या गृहस्थांनी ड्युटीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. 'किती' हा प्रश्न त्यांनी वर्षभर अभ्यासला होता, 'येते का' हा विचारायचा राहून गेला.

पावतीवाल्यांचं काय करायचं, ते मी एका शब्दात सांगेन : टाळा. बाकीच्यांसाठी जरा जास्त. नामांकित कंपनीच्या गाडीची किंमत जगजाहीर असते. कोणत्या वर्षी, कोणतं मॉडेल, कितीला, हे शोधायला अधिकाऱ्याला पाच मिनिटं लागत नाहीत. दाखवलेल्या किमतीबद्दल वाजवी शंका आली तर ती नाकारून स्वतः मूल्य ठरवण्याचा अधिकार मूल्यांकन नियमांनी त्याला दिलेला आहे. खोटं सिद्ध झालं तर गाडी जप्तीला पात्र ठरते, बुडवलेल्या शुल्काइतका दंड होतो, आणि फसवणुकीच्या प्रकरणात पाच वर्षं मागे जाऊन वसुली करता येते. म्हणजे गाडी सुटून नाशिकला आली तरी पाच वर्षं दारावरची बेल वाजली की छातीत धस्स व्हायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये भूतानमार्गे आणलेल्या जुन्या महागड्या गाड्यांवर सीमाशुल्क विभागाने छापे घातले. त्यात गाड्या जप्त झाल्या त्या आयात करणाऱ्याकडून नाही, ज्यांनी पुढे विकत घेतल्या होत्या त्यांच्या अंगणातून. 'दूतावासाची गाडी आहे, स्वस्तात मिळतेय' असं सांगणारे जेव्हा भेटतात, तेव्हा वाचकांनी हे आठवावं.

आणखी दोन आडवाटा कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. 'कार्ने' नावाचा कागद घेऊन गाडी शुल्क न भरता आणता येते, पण ती फिरायला, आणि ठरावीक मुदतीत देशाबाहेर परत न्यायची असते. कायमचं परतणाऱ्याच्या ती कामाची नाही. दुसरी म्हणजे भारत-ब्रिटन व्यापार करार. २४ जुलै २०२५ ला त्यावर सह्या झाल्या आणि 'ब्रिटिश गाड्या स्वस्त होणार' असा गाजावाजा झाला. पण त्या सवलतीला कोट्याची मर्यादा आहे, आणि मुख्य म्हणजे गाडी ब्रिटनमध्ये बनलेली असावी लागते. तुमची जर्मनीत बनली असेल तर ती ब्रिटनमधून निघाल्याने ब्रिटिश होत नाही.

गाडी हप्त्यावर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिथे 'पीसीपी' नावाची योजना फार चालते. त्यात शेवटचा मोठा हप्ता भरेपर्यंत गाडी कागदोपत्री फायनान्स कंपनीची असते. तसं असेल तर गाडी देशाबाहेर कायमची काढण्याचा अधिकार तुमच्याकडे नाहीच, आधी कर्ज मिटवावं लागेल. करारावर सही केली त्या दिवसाची फाइल काढून बघा.

पेट्रोलचंही बघा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडे पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. तुमच्या गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आत एक छोटा गोल छापलेला असेल, 'ई' आणि पुढे आकडा. तिथे ५ आणि १० एवढंच असेल, तर ८० लाख खर्चून आणलेल्या गाडीत रोज तिला न मानवणारं इंधन भरावं लागेल.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे नवऱ्याचंच बरोबर. निर्णयापुरतं, हो. गाडी आणू नका. पण 'हट्ट' हा शब्द मला पटलेला नाही. तुमच्या पत्रात नाशिकला परतण्याचं कारण एका ओळीत आलंय, सासूबाईंच्या तब्येतीचं, आणि गाडीवर दोन पानं आहेत. तेरा वर्षांची नोकरी, तिथली ओळख, महिन्याला स्वतःच्या खात्यात येणारा पगार, या कशाबद्दल पत्रात काही नाही. ते सगळं त्या गाडीच्या डिकीत भरून ठेवल्यासारखं मला वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या. पण बरोबर असेन, तर नवऱ्याशी गाडीबद्दल वाद घालणं थांबवून, नाशिकला तुमच्या कामाचं काय होणार, हा विषय आधी काढा. गाडीवर भांडण करणं सोपं असतं, नोकरीवर बोलणं अवघड.

आणि रात्रपाळीनंतरची ती दहा मिनिटं. ती ज्या पार्किंगमध्ये मिळत होती ते मागेच राहणार आहे. गाडी इथे आली तरी ती उभी राहील कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर, खिडकीवर कुणीतरी टकटक करणारच.

मग करायचं काय? गाडी तिथेच विका, पण आवरासावर करताना सगळ्यात शेवटी. घाईत जाहिरात टाकून पहिल्याच ग्राहकाला देऊ नका. शेवटच्या महिन्यापर्यंत ती लागेलच, फक्त विक्रीची किंमत दोन-तीन ठिकाणी आताच विचारून ठेवा. मधल्या काळात तिच्यातून एखादा लांबचा फेरफटका मारून या. चावी तुम्हीच द्या, नवऱ्याला पाठवू नका. लॉगबुकावरून मालकी बदलल्याचं कळवलं की वाहनकराचे उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात. ते पत्त्यावर धनादेशाने येतील की खात्यावर, हे बघून मगच घर आणि बँक खातं बंद करा. हे लोक विसरतात आणि मग नाशिकहून पत्रव्यवहार करत बसतात.

विक्रीचे पैसे वेगळे ठेवा. ते घराच्या डागडुजीत किंवा फर्निचरमध्ये मिसळू देऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, आणि २० लाखांत इथे एक काय, हव्या तशा दोन गाड्या बघता येतील. नाशिकमधली पहिली गाडी तुमच्या नावावर, तुमच्या पैशांतून आणि तुमच्या पसंतीची घ्या. दिरांना रंगाबद्दल मत द्यायला हरकत नाही.

तरीही आणायचीच असं ठरलं, किंवा दुसऱ्या एखाद्या वाचकाची गाडी खरोखर दीडच वर्षाची, उजव्या स्टिअरिंगची आणि जिवापाड असेल, तर क्रम असा ठेवा : निर्मितीची तारीख लेखी, मग मुंबईतल्या परवानाधारक कस्टम ब्रोकरकडून 'ही गाडी येऊ शकते' असं लेखी मत आणि ड्युटीचा हिशेब, मग तिथली चाचणी, आणि शेवटी बोटीचं बुकिंग. एजंटाच्या तोंडी 'होऊन जाईल'वर बुकिंग करू नका. बंदरात 'होऊन जाईल'चं भाडं दिवसावर असतं, आणि ते एजंट भरत नाही.

एक गोष्ट मात्र त्या गाडीची तुम्ही जरूर आणा. तेरा वर्षं ब्रिटनमध्ये गाडी चालवून तुम्ही अपघाताचा दावा केला नसेल, तर तिथल्या विमा कंपनीकडून 'नो क्लेम बोनस'चं पत्र मागून घ्या, वर्षांच्या आकड्यासकट, कंपनीच्या लेटरहेडवर. आपल्याकडच्या मोटर विम्याच्या नियमांत परदेशात मिळवलेला बोनस मान्य करायची तरतूद आहे. अट अशी की तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथली घ्यायला हवी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट यातून मिळू शकते. शोरूमवाला म्हणेल की असं काही नसतं. त्याला विमा कंपनीकडे विचारायला सांगा, तेवढा वेळ खुर्चीवरून उठू नका. आणि ते पत्र हातातल्या पर्समध्ये ठेवा, बोटीच्या सामानात नको. सामान पोचायला दोन-अडीच महिने जातील, तोवर तुमची नवी गाडी दारात आलेली असेल.